सदर बाब आणि बिरडं

१८ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ७
आजपासून रोजनिशी. कारण या टॉवरमध्ये बोलण्याच्या लायकीचा एक माणूस नाही. टेंभी नाक्याला राहत होतो तेव्हा खिडकीतून हाक मारली की चार शिकलेली माणसं जमायची. इथे घोडबंदर रोडला तेविसावा मजला. हाक मारली तर कबुतर येतं.

पहिल्या पानावर ओळख लिहायची असते म्हणून लिहितो. श्रीपाद टिपणीस. निवृत्त. उभी हयात इन्शुरन्स कंपनीत क्लेम्स इन्व्हेस्टिगेशनमध्ये गेली. आजार लपवून पॉलिसी काढणारे, डायबेटिस असून "काही नाही हो मला" म्हणणारे, असे कितीतरी धरले. समोरचा खोटं बोलला की माझी डावी भुवई उडते. आजवर चुकलेली नाही.

संकल्प: रोज जिम. साखर बंद. शेजारच्या नाथा पाटलाशी बोलणं बंद.

हा नाथा म्हणजे ज्याच्या शेतावर हा टॉवर उभा आहे तो. त्याला इथे तीन फ्लॅट मिळाले, आणि तो दिवसभर खाली लॉबीत बनियनवर खुर्ची टाकून बसतो. मला अरे-तुरे करतो. मी त्याला अहो-जाहो करून अपमान करतो, पण त्याला कळत नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार
एकदाच लिहितो, परत लिहिणार नाही. जांघेत गजकर्ण झालंय. गोल, लाल, आणि खाज अशी की माणूस देवाधर्माला लागेल. यापुढे या वहीत उल्लेख फक्त "सदर बाब" असा होईल.

कारण उघड आहे. जिमचा बाक. नाथाचा मुलगा विकी तिथे ट्रेनर आहे, आणि तो बाक कधी पुसत नाही. विकीच्या म्हणण्याप्रमाणे मी दिवसभर तीच घट्ट नायलॉनची ट्रॅकपँट घालून फिरतो म्हणून होतं. मी त्याला सदर बाब सांगितलेली नाही, तरी त्याने हे आपणहून का सांगितलं? संशयास्पद.

उत्तराने (बायको) विचारलं, पेपर उभ्याने का वाचताय. म्हटलं पाठ.

कॉम्प्लेक्समध्ये स्किनचा डॉक्टर आहे. पण त्याच्या दारावर एवढ्या मोठ्या अक्षरांत "त्वचारोग व गुप्तरोग" लिहिलंय, आणि दार बरोब्बर नाथाच्या खुर्चीसमोर. त्यापेक्षा खाजलेलं बरं.

२३ ऑगस्ट, शनिवार. दुपारी
डोंबिवलीला जाऊन आलो. ठाण्यात केमिस्ट ओळखीचे, डोंबिवलीत मला कोण ओळखतंय? उत्तराला सांगितलं ऑफिसातला जुना मित्र आजारी आहे.

केमिस्टला सांगितलं, ड्रायव्हरला गजकर्ण झालंय, जालीम काहीतरी द्या. त्याने बुरशीवरच्या गोळ्या दिल्या. रोज एक. वर ज्ञान पाजळलं की या लिव्हरला लागू शकतात, पंधरा दिवसांच्या पुढे घ्यायच्या तर ड्रायव्हरला डॉक्टरकडे न्या, रक्त तपासा. मी म्हटलं, बाबा रे, तुझ्या वयाच्या दुप्पट वर्षं मी मेडिकल पेपर वाचलेत. भरपूर स्ट्रिपा घेतल्या. परत परत कोण येतंय डोंबिवलीला.

दुकानातून बाहेर पडतो तर समोर मंदाकिनी. उत्तराची थोरली बहीण, हातात भाजीची पिशवी. मी या शहरात तिला सोडून कोणाला ओळखत नाही आणि तीच भेटावी! म्हणालो सहज आलेलो. तिने माझ्या हातातल्या पुडीकडे बघितलं. मी अत्यंत सहजपणे पुडी पाठीमागे घेतली. तिला काहीही कळलेलं नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार
सदर बाब निम्मी ओसरली. डॉक्टरशिवाय. हे लोक फुकट फी घेतात.

जिम बंद केली. संसर्गाचं मूळच तिथे आहे म्हटल्यावर जाणं मूर्खपणाचं. साखरेचं म्हणाल तर गणपतीत मोदकाला नाही म्हणणं बरं दिसत नाही. नाथाशी बोलावं लागलं, कारण त्याने माझ्या पार्किंगमध्ये स्कूटर लावलेली. म्हणजे बोलणं बंदच आहे, हे भांडण होतं.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना
चहा पांचट. गेले काही दिवस बघतोय. आमटी म्हणजे गरम पाणी. भाजी म्हणजे ओला कागद. उत्तराने हात आखडता घेतलाय. विचारलं तर म्हणते सगळं नेहमीसारखंच घातलंय. खोटं बोलताना चेहरा अगदी साळसूद.

देवीला टेंभी नाक्याला गेलेलो. तिथे वडा खाल्ला, तोही मातीसारखा. एके काळी त्याच्यासाठी लोक नौपाड्यातून चालत यायचे. ठाणं संपलं. मी हे गाडीत उत्तराला तीनदा सांगितलं. तिने तिचा वडा चवीने संपवला, माझं न ऐकता.

गोळ्या चालू आहेत. सदर बाब समूळ उपटायची.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
आज बोललो. कोणीतरी बोलायला हवंच होतं.

मंदाकिनी आणि तिचे यजमान जेवायला. उत्तराने वालाचं बिरडं केलेलं. टिपणिसांच्या घरात बिरडं म्हणजे काय हे मी लिहायची गरज नाही. लग्नानंतर माझ्या आईने तिला स्वतः शिकवलंय, वाल मोड आणून एकेक सोलण्यापासून. पहिला घास घेतला. काही नाही. शून्य. सगळे मात्र दुसऱ्यांदा वाढून घेतायत.

मी म्हणालो, उत्तरा, यात मीठ आहे की नुसता चिखल कालवलाय? मंदाकिनी म्हणाली मीठ अगदी बरोबर आहे. मी म्हटलं, बहिणी-बहिणी एकमेकींचं झाकणारच. मग तिच्यादेखत वरून तीन चमचे मीठ घातलं, आणि तरी लागेना. हेही म्हणालो की आईने फुकट वेळ घालवला. वाक्य थोडं लांबलं खरं, पण खोटं नव्हतं.

उत्तरा ताट उचलून स्वयंपाकघरात गेली. पटलेलं असणार.

४ ऑक्टोबर, शनिवार
उत्तरा डोंबिवलीला गेली. मंदाकिनीकडे. बॅग मोठी आहे. जाताना म्हणाली की पानावर बसून कसं बोलायचं ते शिकलात की येते. मी म्हटलं, दोन दिवसांत येशील. तिला माझ्याशिवाय करमत नाही, आजवर कधी राहिलेली नाही.

इकडे सदर बाबीने डोकं वर काढलंय. आता जांघेतच नव्हे, अंगभर. तळहात, तळपाय, पाठ. डाग कुठेच नाहीत, खाज मात्र आगीसारखी. म्हणजे बुरशी आतून पसरलीय. सोपं लॉजिक आहे. आजपासून गोळ्या दोन. सकाळी एक, संध्याकाळी एक.

८ ऑक्टोबर, बुधवार
उत्तरा आलेली नाही. फोनही नाही. ताठा.

लघवी कडक चहाच्या रंगाची. आता कळलं. सोसायटीची पाण्याची टाकी. उन्हाळ्यात टँकर मागवायची सवय लागलीय ती अजून सुटली नाही, आणि टँकर कोणाच्या मेहुण्याचा? नाथाच्या. कमिटीत जाऊन नळाच्या पाण्याची बाटली टेबलावर आपटली. म्हटलं हे पाणी लॅबला पाठवा, नाहीतर मी पाठवतो. सेक्रेटरी म्हणाला, काका बसा, तुम्ही किती वाळलाय. विषय बदलण्याची ही पद्धत मला नवीन नाही.

अंगात त्राण नाही. जेवण बाहेरून मागवतो. तेही बेचव. उत्तराने त्यांनाही शिकवलं की काय.

११ ऑक्टोबर, शनिवार
पाण्याचा रिपोर्ट आला. शुद्ध. मॅनेज केलाय.

लॉबीत नाथा मला बघून खुर्चीवरून उठला. हे पहिल्यांदाच. म्हणाला, "टिपनीस, तुजे डोले पिवले झालेत." मी म्हटलं लॉबीतला एलईडी पिवळा आहे, तुम्हाला कळायचं नाही. घरी येऊन आरशात बघितलं. बाथरूमचा बल्बही पिवळाच. पांढरा बल्ब मागवला. त्यातही पिवळे. बल्ब हलक्या प्रतीचा.

१३ ऑक्टोबर, सोमवार
हॉस्पिटलात आहे. मर्जीविरुद्ध.

लिफ्टमध्ये जरा भिंतीला टेकलो तर नाथाने सरळ दंडाला धरून गाडीत कोंबलं. घोडबंदर रोडचा ट्रॅफिक, गाडी मुंगीच्या पावलाने, आणि शेजारी हा माणूस एका गावाकडच्या बाईची कथा सांगतोय की ती काविळीला झाडपाला देते आणि हात चुन्याच्या पाण्यात धुतले की कावीळ पिवळी होऊन उतरते. मग स्वतःच म्हणाला, माझा भाऊ तिच्याकडेच गेला आणि मेला, म्हणून तुला इकडे आणला.

डॉक्टर म्हणजे एक मुलगी. दिशा वैद्य. लिव्हर स्पेशालिस्ट म्हणे. माझ्या मुलापेक्षा, मुकुलपेक्षा, लहान असेल. काविळीचा आकडा, बिलिरुबिन, नऊ; हवा एक. बाकीचे आकडेही वर. ॲडमिट.

विचारलं दारू? शनिवारी दोन, खरं सांगितलं. औषधं? काही नाही. कसलीही गोळी, चूर्ण, काढा, जिमची पावडर, दुकानातून आपणहून आणलेलं काही? म्हटलं मी पावडरी खाणाऱ्यातला नाही. हे खोटं नाही. नाथा शेजारी खुर्ची टाकून बसलेला. त्याच्यासमोर आणि त्या मुलीसमोर मी जांघेचं बोलू?

माझी डावी भुवई उडत होती. अशक्तपणा.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
काविळीचे सगळे व्हायरस निगेटिव्ह. ए, बी, सी, ई, सगळी बाराखडी. सोनोग्राफीत खडा नाही. पित्ताची नळी मोकळी.

डॉक्टरीणबाई पलंगाशी बसून समजावत होत्या. औषधाने लिव्हर बिघडलं हे सांगणारी एक अशी टेस्ट नसते म्हणे. बाकी सगळी कारणं खोडत जायची, आणि पेशंटने काय काय घेतलं ते खरं सांगायचं. त्यावर सगळा शोध अवलंबून. मग तोच प्रश्न परत. मग वेगळ्या शब्दांत परत. ही ट्रिक मी नोकरीला नवा लागलो तेव्हा वापरायचो. कच्ची आहे बिचारी.

खाज असह्य. बाथरूममध्ये जाऊन, नाथाने घरून आणलेल्या माझ्या बॅगेच्या तळाशी लपवलेल्या स्ट्रिपमधल्या दोन घेतल्या.

१६ ऑक्टोबर, गुरुवार. रात्री
आकडे चढले.

बाई आज तिरसट. म्हणाल्या, इथे दारू नाही, बाहेरचं जेवण नाही, तरी चढतायत. असंच चाललं तर लिव्हर बंद पडायला वेळ लागणार नाही, मग दुसऱ्या कोणाचं लिव्हर मिळतंय का ते शोधावं लागेल. मी म्हटलं, तुमच्या कँटीनचं जेवणच असं आहे की लिव्हर बंद पडेल. कशालाच चव नाही.

तिचं पेन थांबलं. कधीपासून चव नाही? मी सगळं सांगितलं, कोणीतरी ऐकून घेत होतं म्हणून. नवरात्रापासूनची आमटी, वडा, दसऱ्याचं बिरडं, उत्तराचा हात आखडणं. ती म्हणाली, आणि खाज? तळहाताला? मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, तुम्ही बुरशीच्या गोळ्या घेताय का?"

नाथा होता. सिस्टर होती. शेजारच्या पलंगावरचा पेशंट मोबाइल खाली ठेवून ऐकत होता.

मी म्हणालो, छे.

बरं म्हणाली. मग बायोप्सी करू, उद्या. बरगड्यांमधून सुई घालून लिव्हरचा तुकडा काढायचा. रक्तस्राव होऊ शकतो. मी म्हटलं करा. सही ठोकली. अब्रू राहिली. घरच्यांचीही सही लागते म्हणून त्यांनी उत्तराला फोन लावला. मी म्हटलं होतं नका लावू.

संध्याकाळची गोळी घेतली.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
लिहावंसं वाटत नाही. पण शिस्त म्हणजे शिस्त.

उत्तरा सकाळीच आली. मला बघून दारातच थांबली. तोंडाला पदर लावला. मग माझ्याकडे न येता डॉक्टरकडे गेली आणि काय काय तपासलंत ते सगळं विचारून घेतलं. वार्डातच, सगळ्यांसमोर. आणि म्हणाली:

"यांना जांघेत गजकर्ण झालंय. ऑगस्टपासून. चारचौघांत खाजवत असतात, मी लाजेकाजेस्तव बोलले नाही. ताईने यांना डोंबिवलीत केमिस्टच्या दारात बघितलं होतं. आम्हाला वाटलं मलम आणलं. गोळ्या घेतात का ते मला नाही माहीत. मला ते खरं सांगत नाहीत."

नाथा म्हणाला, खाजेचं सगल्या टावरला म्हाईत हाय. अगदी साधेपणाने. वाईट वाटून सांगावं तसं.

डॉक्टर माझ्याकडे वळली. "हो की नाही, काका? एवढंच सांगा."

मी छताकडे बघितलं. छताला पंखा होता. मग म्हटलं, हो.

किती? दोन. आज? आज पण. इथे, हॉस्पिटलात? हो.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर मीही ओरडलो असतो. उत्तराने माझी बॅग उघडली, तळातून स्ट्रिपा काढल्या आणि डॉक्टरच्या हातात दिल्या. सुई रद्द. डॉक्टर सांगत होती की गोळी बंद केली आणि आकडे उतरायला लागले की तोच पुरावा. खाजही लिव्हरमुळेच होती, बुरशीमुळे नाही. म्हणजे मी खाजेवर जी गोळी वाढवली तिनेच खाज वाढवली. आणि हो, या गोळीने काही लोकांची चव जाते. कागदावर छापलेलं असतं. परत यायला महिने लागू शकतात.

उत्तराने विचारलं, चव याच्यामुळे? म्हणजे स्वयंपाकाला काही झालं नव्हतं?

डॉक्टर म्हणाली, नाही, स्वयंपाकाला काय होणार.

उत्तरा पलंगाच्या कडेला बसली. म्हणाली, "मी दोनदा मीठ बदललं. मसाला परत दळून आणला. मला वाटलं माझ्याच जिभेला काहीतरी झालंय, म्हातारपणाचं. ताईला रोज चाखायला देत होते तिकडे." आणि रडायला लागली. मला तिच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण हाताला सलाइन होतं. दुसरा हात होता मोकळा, ते नंतर लक्षात आलं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन
घरी आलो. आकडे उतरतायत. म्हणजे खटला सिद्ध झाला, माझ्याविरुद्ध. डॉक्टरने बजावलं, दर आठवड्याला रक्त, आणि डोकेदुखीची गोळीसुद्धा विचारल्याशिवाय नाही. गजकर्णाला मलम दिलं. आहे अजून.

उत्तरा हॉस्पिटलातून परस्पर डोंबिवलीला गेली. माफी मागितली मी. म्हटलं, मला काय माहीत गोळीने चव जाते. ती म्हणाली ही माफी नव्हे. चव आली की फोन करा, मग येते, तोवर माझ्या हातचं तुम्हाला घालून उपयोग काय.

नाथाने दिवे लावले माझ्या दारात. मी नको म्हणत होतो.

चिवडा खाल्ला. रद्दी.

संकल्प: चव आठ दिवसांत आणायची. इच्छाशक्तीचा प्रश्न आहे.

२८ ऑक्टोबर, मंगळवार
चव नाही. लिंबू चोखलं, मिरची चावली. मिरचीने डोळ्यांतून पाणी आलं, एवढंच.

उत्तरा डबा पाठवते. नाथाचं कल्याण कोर्टात जमिनीचं काही चालू असतं, येताना डोंबिवलीला वळून आणतो. मी त्याला म्हटलं तुम्ही कशाला त्रास घेता. तर म्हणाला, तू अहो-जाहो करू नको, मला हसायला येतं.

घर फार मोठं आहे हे. घेताना लक्षात आलं नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी १
निर्णय झाला. उत्तराला सांगायचं चव आली. हे खोटं नाही. डॉक्टर म्हणते येणारच आहे. येणारी गोष्ट थोडी आधी सांगितली तर बिघडलं काय? ती घरी आली की चव लवकरच येईल, उलट तिच्यामुळेच येईल. शिवाय तिचंही मन राहील.

आज डब्यात बिरडं आलंय. योगच म्हणायचा. आरशासमोर तालीम केली. आवाजात समाधान, पण अतिरेक नको. भुवई टेपने चिकटवावीशी वाटली. फोनवर दिसत नाही, सोडून दिलं.

दुपारी २
केला फोन.

म्हटलं, उत्तरा, आली. आज बिरड्याचा पहिला घास घेतला आणि आली. सगळी. वालाचा कडवटपणा, नारळ, सगळं. काय झालंय म्हणून सांगू. तिने विचारलं, आणि मीठ? म्हटलं, बेताचं, तुझ्या हाताचं असतं तसंच. आईचीच आठवण आली बघ.

तिकडे खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला. मला वाटलं गहिवरली.

मग म्हणाली, "मीठ घातलंच नव्हतं मी. मुद्दाम. तुम्ही 'अजून लागत नाही गं' एवढं म्हणाला असतात ना, तर आज संध्याकाळीच येणार होते. बॅग भरून ठेवलीय."

मी म्हटलं, अगं ऐक. फोन बंद झालेला.

संध्याकाळी ६
परत लावला. उचलत नाही.

नाथा रिकामा डबा मागायला आला. विसळून दिला. दारात घुटमळला जरा. म्हणाला, वहिनीचा फोन आलता, बोलली उद्यापासून डबा नाय.

खिचडी टाकायला घेतलीय. वाटीभर तांदळाला मीठ किती घालतात ते मला माहीत नाही, आणि चाखून मला कळणार नाही.